तुम्ही विचारलंत म्हणून: लेझरने मुरुमांचे खड्डे जातात का?

लग्नात, स्टाफरूममध्ये, कधी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जातो: "तुम्ही चेहऱ्याला लेझर केलं होतं ना? फायदा झाला का? आमच्या मुलीला करायचं आहे." उत्तर मिळण्याआधीच विचारणाऱ्याची नजर माझ्या गालांवरून फिरून आलेली असते आणि जे दिसले त्यावरून मतही झालेले असते. आजवर मी "थोडाफार झाला" एवढेच सांगत आले. ते खोटे नाही, पण तेवढ्याने कोणालाही निर्णय घेता येत नाही, म्हणून सगळे एकदाच लिहिते.

मुरुमांचा डाग आणि मुरुमांचा खड्डा ही दोन वेगळी दुखणी आहेत. डाग म्हणजे रंगातला बदल. मुरुमे थांबली आणि उन्हापासून जपले तर तो बहुधा काही महिन्यांत फिका होत जातो. खड्ड्यात त्वचेचा आतला आधार, म्हणजे कोलॅजन, नष्ट झालेला असतो आणि वरचा पृष्ठभागच खाली बसलेला असतो. तो कोणत्याही मलमाने भरून येत नाही. ज्या आया मला मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवतात, त्यांपैकी अनेकींच्या मुलीला फक्त डाग असतात, आणि कित्येकींची मुरुमे अजून चालू असतात. अशा मुलीला आधी मुरुमांवर उपचार हवेत, कारण नवे मुरूम येत असताना नव्या खड्ड्यांची वाट मोकळीच असते. मेडिकलमधून स्वतःच आणलेले स्टेरॉइडयुक्त गोरेपणाचे मलम ती लावत असेल, तर ते मुरुमांना आणखी वाढवते.

खड्ड्यांचेही प्रकार आहेत. काही तोंडाशी अरुंद आणि खोल असतात, काही रुंद, उभ्या कडांचे असतात, आणि काही पसरट असून तळाशी घट्ट तंतूंनी खाली ओढलेले असतात. माझ्या गालांवर तिन्ही होते. उभ्या कडांच्या उथळ खड्ड्यांवर लेझर चांगले काम करते. अरुंद खोल खड्ड्यांच्या तळापर्यंत ते पुरेसे पोचत नाही, आणि ओढलेल्या खड्ड्यांत त्वचेखाली सुई घालून ते तंतू तोडावे लागतात, ज्याला डॉक्टर सबसिजन म्हणतात. ही विभागणी मला पहिल्या ठिकाणी कोणीही समजावली नाही. तिथे एकच यंत्र होते आणि सिटिंगचे पॅकेज होते.

ते यंत्र फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझरचे. त्याचा 10,600 नॅनोमीटरचा किरण त्वचेतल्या पाण्यात शोषला जातो आणि तेवढ्या जागेतली ऊती उष्णतेने उडवतो. पूर्वीची लेझरे त्वचेचा सगळा वरचा थर काढत. 2004 साली मांडल्या गेलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत किरण सूक्ष्म स्तंभांत विभागला जातो. शेतात ठराविक अंतरावर आळी करून मधली जमीन तशीच सोडावी, तशी दोन स्तंभांमधली त्वचा अबाधित राहते आणि जखम तिथूनच भरून येते. पुढे काही महिने आत नवे कोलॅजन तयार होत राहते, म्हणून खरा परिणाम पहिल्या आठवड्यात दिसत नाही. हे सगळे मला नंतर कळले.

त्या दिवसाबद्दल सविस्तर लिहिते, कारण "त्रास होतो का" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. उन्हाळा सुरू झाला होता. नागपूरचा मार्च म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. बधिर करणारे मलम जाडसर लावून वर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवला आणि मला तासभर बसवून ठेवले. मग डोळ्यांवर झाकणे आली आणि यंत्र हाताळायला जी मुलगी पुढे आली ती डॉक्टर नव्हती. डॉक्टर दारातून एकदा डोकावून गेले. मला आधी कधी डाग काळे पडले होते का, कोणते औषध चालू आहे, ओठांच्या कडेला वारंवार हर्पीजचे फोड येतात का, यातले काहीही विचारले गेले नाही. कानामागे किंवा जबड्याच्या कडेला थोड्या जागेवर चाचणी घेतली गेली नाही. टक्, टक्, टक् असा आवाज सुरू झाला, गालावरची बारीक लव जळाल्याचा वास नाकात गेला, आणि हाडाजवळच्या भागावर बधिरता पुरेनाशी झाली. मी हात वर केला, तेव्हा "झालंच आता" असे उत्तर मिळाले.

घरी आल्यावर चेहरा सुजून लाल झाला होता, आणि तो भाग अपेक्षितच असतो. दुसऱ्या दिवसापासून गालांवर तपकिरी बारीक ठिपके दिसू लागले, अगदी आखून दिल्यासारख्या चौकोनी रांगांत. आठवडाभरात ते गळून खाली गुलाबी, तुकतुकीत त्वचा दिसली, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मला तेव्हा खरोखर वाटले होते की हे सगळे सार्थकी लागले. त्यानंतर काही आठवड्यांनी, घराबाहेर दुपट्टा घट्ट बांधूनच पडत असतानाही, तीच जागा आधी गव्हाळ, मग करडी, मग काळपट होत गेली. यंत्राच्या टोकाचे चौकोन जिथे एकमेकांवर चढले होते, तिथे गडद पट्टे उठले. खड्डे अजून होतेच, वर आता रंगही होता. मेअखेरच्या नवतपाच्या, भर उन्हाच्या दिवसांत मावसबहिणीचे लग्न आले. हळदीच्या मांडवात एका वयस्कर नातेवाईक बाईने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि सगळ्यांदेखत विचारले, "काय वं, तोंड भाजलं काय तुझं?" त्यांच्या आवाजात कळवळा होता आणि नेमका तोच मला सोसवला नाही. उरलेला समारंभ मी आतल्या खोलीत पाहुण्यांच्या पिशव्या सांभाळत काढला. त्या दवाखान्यात दाखवले तेव्हा "पुढच्या सिटिंगमध्ये निघून जाईल" असे सांगून तारीख देऊ केली गेली. मी ती घेतली नाही.

दुसऱ्या त्वचाविकारतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा कारण सांगितले. आपल्यासारख्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत रंगपेशी कोणत्याही दाहाला जास्त प्रतिसाद देतात. मुरूम असो, भाजणे असो वा लेझरची उष्णता. हा किरण रंगावर नव्हे, पाण्यावर काम करतो हे खरे, पण त्याने होणारा दाह रंगपेशींपर्यंत पोचतोच. म्हणून आपल्या त्वचेवर एकाच वेळी दाट ठिपके न मारता अंतर जास्त ठेवायचे आणि हाच धोका कमी करायचा. काळेपणा बहुतेकांत तात्पुरता असतो, असेही त्यांनी सांगितले. तो माझ्याही बाबतीत गेला, पण रोजचे सनस्क्रीन, त्यांनी लिहून दिलेली मलमे आणि बऱ्याच महिन्यांची वाट पाहून. "तात्पुरता" हा शब्द ज्याच्या चेहऱ्यावर ते महिने जातात त्याला वेगळा ऐकू येतो, एवढे मी तज्ज्ञांना आदरपूर्वक सांगेन.

पुढे त्यांच्याकडे हिवाळ्यात काम झाले: ओढलेल्या खड्ड्यांत सबसिजन, अरुंद खड्ड्यांच्या तळाशी टोकदार काडीने तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल, आणि शेवटी तेच कार्बन डायऑक्साइड लेझर, विरळ ठिपक्यांनी, कानाजवळ चाचणी घेऊन. त्या लेझरनंतर किंचित करडेपणा आला आणि ओसरला. उभ्या कडांचे खड्डे उथळ झाले. खड्डा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. कड बोथट झाली की सावली फिकी पडते. लिफ्टच्या आरशात दिवा डोक्यावरून येतो, तिथे पूर्वी माझे गाल चाळण झालेले दिसत आणि आता तसे दिसत नाहीत. मात्र यातले किती सबसिजनचे, किती आम्लाचे आणि किती लेझरचे, हे मला वेगळे करून सांगता येत नाही, आणि कोणी "लेझरने झाले" असे छातीठोक सांगत असेल तर त्याने मला ते वेगळे करून दाखवावे.

मला सल्ला देणारे दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत: मुळात करायचेच कशाला, मन खंबीर ठेवायचे. मी वर्षानुवर्षे खंबीरपणेच वर्गासमोर उभी राहिले आहे. खड्डे कमी व्हावेत असे वाटणे हा मनाचा दुबळेपणा आहे, हे मी मान्य करत नाही. लेझरला जाण्याआधीची मी अजूनही अधूनमधून माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, काही मार्ग नव्हता आणि तू निदान पाऊल उचललेस. मी तिला म्हणते, पाऊल ठीक होते, पण नुसते यंत्राचे नाव ऐकून उचलले होते. त्यावर ती विचारते, दुखण्याचे खरे नाव कोण सांगणार होते तेव्हा? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

तर मुलीबद्दल विचारणाऱ्यांना सांगते: पात्रता असलेल्या त्वचाविकारतज्ज्ञाकडून तिच्या खड्ड्यांचे प्रकार आधी समजून घ्या, यंत्र कोण हाताळणार ते विचारा, चाचणीचा आग्रह धरा, भर उन्हाळ्यात करू नका आणि लग्नाच्या तोंडावर तर मुळीच करू नका. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यायचे औषध चालू असेल किंवा नुकतेच थांबले असेल तर ते लपवू नका. पूर्वी ते बंद केल्यावर लेझरसाठी सहा महिने थांबायला सांगत, 2017 च्या अमेरिकेतील तज्ज्ञांच्या शिफारशींनी फ्रॅक्शनल पद्धतींबाबत तो सरसकट नियम सैल केला, पण निर्णय डॉक्टरांचाच. आणि पूर्ण सपाट गालांची आशा ठेवू नका. कमी झाले तर ते बरेच झाले असे समजा.

माझ्या डाव्या कानशिलाजवळ अजून तीन-चार खड्डे आहेत. डॉक्टर बाई म्हणतात, आणखी एका सिटिंगने फरक पडेल. हा हिवाळा मी तो विचार पुढे ढकलला आहे, आणि पुढच्या हिवाळ्यात काय करेन ते मला आज सांगता येणार नाही.