डी ऑफ ई : मुलं पुढे, मोठे दूर

इकडे इंग्लंडमध्ये मूल नववीत गेलं की बऱ्याच शाळांतून ‘डी ऑफ ई’चं पत्रक घरी येतं. पूर्ण नाव ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्ड. प्रिन्स फिलिप यांनी १९५६ साली ही योजना सुरू केली. कल्पनेचं मूळ त्यांचे शाळेतले मुख्याध्यापक कुर्ट हान यांच्याकडे जातं, आणि पहिले संचालक होते जॉन हंट, म्हणजे १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे तीन टप्पे आहेत. समाजसेवा, व्यायाम आणि एखादं कौशल्य, ही कामं काही महिने नेमाने करायची असतात. पण मुलांच्या तोंडी असते ती मोहीमच.

ब्राँझची मोहीम दोन दिवस, एक रात्र. गटात ४ ते ७ मुलं, आणि रोज किमान ६ तासांचा कार्यक्रम. सगळं सामान पाठीवर, स्वयंपाक स्वतःचा, वाट स्वतः शोधायची. शिक्षक सोबत चालत नाहीत. सरावात ते जवळ असतात, मग हळूहळू मागे सरकतात. खऱ्या मोहिमेत ते ठरलेल्या ठिकाणी पुढे जाऊन थांबतात. आपल्याकडच्या शिबिरात ताई-दादा शिट्टी वाजवून सगळ्यांना रांगेत नेतात, त्याच्या हे अगदी उलट.

तयारीचा गाभा म्हणजे रूट कार्ड, म्हणजे मार्गाचा तक्ता. १:२५,००० च्या नकाशावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाचं अंतर, दिशा, चढ आणि वेळ लिहायची. ओझं घेऊन मुलं ताशी ३ किलोमीटर चालतात असं धरा, आणि दर १० मीटर चढाला एक मिनिट वाढवा. दीड किलोमीटर आणि ८० मीटर चढ असेल तर ३० अधिक ८, म्हणजे ३८ मिनिटं. मुलं हमखास ताशी ५ किलोमीटर धरतात, विश्रांती मोजतच नाहीत, आणि मग तंबू अंधारात ठोकावा लागतो.

वाट बहुधा अवघड जागी चुकत नाही. ती चुकते कुंपणाच्या साध्या फाटकापाशी, गप्पांच्या नादात. शेतातून दोन पायवाटा फुटतात, पुढचा वळतो, बाकीचे त्याच्या मागे. पंधरा मिनिटांनी कोणीतरी म्हणतं, “ओढा डावीकडे हवा होता ना?” इथे खरी परीक्षा. नकाशा उत्तरेला जुळवायचा आणि खात्रीने माहीत असलेल्या शेवटच्या जागेपर्यंत मागे यायचं. चढ पुन्हा चढायचा म्हणून कुणाला ते नको असतं. सगळे दमलेले असताना “मागे फिरू या” म्हणणारं मूल त्या क्षणी गटाचं नेतृत्व करत असतं, मग गटप्रमुखाची चिठ्ठी कुणाच्याही नावाची असो. गटावर लक्ष ठेवणाऱ्या सुपरवायझरला चूक लांबून दिसली, तरी धोका नसेल तर तो मध्ये पडत नाही. आपल्या पालकांना हे फार जड जातं. पण ही पंधरा मिनिटं मुलांकडून काढून घेतली तर उरते ती नुसती सहल.

सॅकचं वजन मुलाच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आत हवं. ४८ किलोच्या मुलाला फार तर १२ किलो. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालायची, कारण सॅकवरच्या कव्हरातून पाणी शिरतंच. तळाला स्लीपिंग बॅग, जड वस्तू पाठीलगत, रेनकोट सगळ्यात वर. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे नंतर. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. आणि सॅक मुलानेच भरायची. आईने भरली की रात्री पावसात टॉर्चसाठी सगळं सामान बाहेर येतं.

जेवणाचं आपल्या घरांत सोपं आहे. भाजलेल्या रव्याचं उपम्याचं मिश्रण, पातळ पोह्यांचा चिवडा, थालीपिठाऐवजी टिकणारे ठेपले. शेगडी मात्र जपून. ट्रँजिया ही कॅम्पिंगची छोटी शेगडी मेथिलेटेड स्पिरिटवर चालते आणि उन्हात तिची ज्योत दिसत नाही. विझली असं समजून वरून स्पिरिट ओतलं की भडका उडतो. बर्नर पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचा नाही. तंबूत शेगडी कधीच नाही : आग लागू शकते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.

टाचेला चुरचुरलं की तिथेच थांबून टेप लावायची. “पुढच्या थांब्यावर बघू” म्हटलं की फोड येतो, आणि मग सगळा गट त्या एका पायाच्या वेगाने चालतो. मागे राहिलेल्याचा तंबू कोण घेणार, हे गटाने आपापसांत ठरवायचं असतं.

घरी आल्यावर मूल थेट अंथरुणात शिरतं. त्याआधी तंबू उघडून गॅरेजमध्ये टांगायला लावा, त्याच्याच हाताने. ओला गुंडाळून ठेवला तर काही दिवसांत बुरशी धरते, आणि पुढच्या गटाला तोच तंबू मिळतो.