पाच विसा म्हणजे शंभर

आजीच्या लाखोलीची गोष्ट निघाली की एक प्रश्न हमखास येतो : "खरंच लाख फुलं मोजली का हो त्यांनी?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर सांगते.

गोष्ट १९८४ च्या चातुर्मासातली. माझं चौथीचं वर्ष, मुक्काम आजीकडे, दापोली तालुक्यात. आजीनं देवघरातल्या बाळकृष्णाला प्राजक्ताची लाखोली बोलली होती. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत साधारण १२० दिवस, म्हणजे रोजची ८३३ फुलं. हा भागाकार मीच पाटीवर करून दाखवला होता. आजी हसली. "झाडाला तुझा भागाकार कुठं कळतो?" ते खरंच होतं. आषाढात प्राजक्त धड फुलतच नाही. श्रावणात जरा हात सैल करतो, आणि खरा वेड्यासारखा सांडतो तो भाद्रपद-आश्विनात.

बाकीची फुलं झाडावरून तोडून वाहायची, खाली पडलेली चालत नाहीत. प्राजक्ताला तेवढी सूट. रात्री उमलतो, पहाटे आपणहून गळतो. आजीनं हेच झाड का निवडलं, तर मला वाटतं यासाठीच. तिला तोडणं जमत नसे. देवासाठी दूर्वा खुडतानाही ती पुटपुटून परवानगी मागायची. वटपौर्णिमेला बाजारातून वडाची फांदी आणणाऱ्या बायकांवर तिचा भयंकर राग. ती स्वतः चिखल तुडवत वेशीवरच्या वडापर्यंत जायची. पावसाळ्यात प्राजक्ताची पानं सुरवंटांनी चाळणी केली तरी फवारा मारू द्यायची नाही.

रात्री झाडाखाली जुनं लुगडं अंथरायचं. पहाटे आंघोळ करून, ओलेत्यानं फुलं वेचायची. मोजून शंभर झाली की केळीच्या पानाच्या द्रोणात घालायची आणि डब्यात एक चिंचोका टाकायचा. मग एकेक द्रोण वासुदेवाचं नाव घेत वाहायचा. आश्विनात बाळकृष्ण पार बुडून जायचा, नुसती मोरपिसाची टोकं दिसायची.

एका सकाळी फुलं कमी वाटली, म्हणून मी झाड गदागदा हलवलं. चांगला सडा पडला. आजी बाहेर आली, बघितलं, आणि त्यातलं एकही फूल घेतलं नाही. "ही पडली नाहीत, पाडलीत." पुढे दोन दिवस ती माझ्याशी नीट बोललीसुद्धा नाही.

आता मुद्द्याचं. झाड आमचं, पण ते कललेलं गडग्यापलीकडे. सत्यभामेच्या दारातलं झाड आणि फुलं रुक्मिणीच्या अंगणात, तसाच प्रकार. पलीकडे राहणाऱ्या काकीच्या हातचं पाणी आजी सोवळ्यात घेत नसे. फुलांना मात्र विटाळ नाही, असं तिचं शास्त्र. ते मला तेव्हाच खटकलं असं म्हटलं तर खोटं होईल. पुढे कॉलेजात गेल्यावर खटकलं आणि आजही खटकतं. आजीला मी संत करून ठेवणार नाही.

तर काकी तिच्या बाजूची फुलं वेचून द्रोण भरायची आणि गडग्याच्या चिऱ्यावर ठेवून हाक मारायची, "वयनी, नेवा!" काकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती विसांनी मोजायची. एक वीस, दोन विसा, तीन विसा... पाच विसा झाले की द्रोण भरला. आजीनं तिचा द्रोण कधीही परत मोजला नाही. मी मोजला, एकदाच, चोरून. एकशेचार निघाली. आपण चूक पकडली या आनंदात मी गडग्यावर चढून काकीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "पाच विसा तुज्या आजीचे. वरची चार माजी."

आजीला मी हे सांगितलं नाही. का, ते आठवत नाही. झाड हलवल्याचं ताजं असावं.

कार्तिकीला चिंचोके मोजले. लाख भरत नव्हती. गुरुजी म्हणाले, उरलेली तुळशीनं पूर्ण करा, दोषही नाही. आजी अंगणातल्या तुळशींकडे बघून म्हणाली, "यांना ओरबाडून?" आणि विषय मिटला. उद्यापन केलं नाही. "लाखोली झाली का?" असं कुणी विचारलं तर सरळ "नाही" म्हणायची.

तिची वही माझ्याकडे आहे. शाईचं पेन, मोडीचं वळण असलेलं बाळबोध अक्षर, रोज दोन रकाने : 'घरचे' आणि 'पलीकडचे'. घरचे द्रोण ५५२, पलीकडचे ४३१. खाली एकूण फुलं ९८,३००.

मी मोजलेला द्रोण एकच. बाकीच्यांत चार-चार जास्त होती की नव्हती, कोण सांगणार? पण असतील असं धरून गुणाकार करून बघा.