टाईप कोणी रेखला, हे मी का छापते

"मागच्या पानावर ही ओळ कशाला?" प्रकाशक फोनवर विचारतात, लेखक शेवटचं प्रूफ हातात आलं की विचारतात, आणि आता तर माझ्याकडे शिकायला येणारी पोरंही विचारतात. मी पुस्तकं लावते, म्हणजे मजकूर अक्षरांत जुळवून पानं तयार करते, आणि श्रेयपानावर प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी या नावांच्या खाली आणखी एक ओळ टाकते. मजकूर कोणत्या टाईपात, म्हणजे कोणत्या फॉन्टात, आहे आणि तो टाईप कोणी रेखला, एवढंच तिच्यात असतं. 'मुक्ता : एक टाईप, मुंबई.' ('एक टाईप' हे रेखणाऱ्या संस्थेचं नाव) किंवा 'टिरो देवनागरी मराठी : फिओना रॉस, जॉन हडसन.' तोंडी उत्तरं देऊन थकले, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी परवान्याचं सांगून टाकते, कारण पहिला आक्षेप तोच असतो: "फॉन्ट फुकट आहे, नाव टाकायची अट नाही, मग?" अट नाहीच. हे टाईप मुक्त परवान्याचे आहेत. पुस्तक छापा, पत्रिका छापा, कोणी नाव मागत नाही. पण अट असेल तेव्हाच नाव घ्यायचं, हा हिशोब मला पटत नाही.

दुसरा आक्षेप, "फॉन्ट काय, कॉम्प्युटरमध्ये असतातच." हे ऐकलं की मला खरोखर राग येतो. विंडोज 2000 सोबत आलेला 'मंगल' घ्या. तेव्हापासून किती अर्ज, किती आदेश, किती नोटिसा त्या अक्षरांत निघाल्या! तो र. कृ. जोशींनी रेखला. सुलेखनकार, कवी, पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवणारे, 2008 मध्ये गेले. मंगलमध्ये मी पुस्तक लावत नाही. त्यातला दंडाचा, हिंदी वळणाचा ल मला मराठी मजकुरात खुपतो, आणि आमच्या नागपुरात तर हा ल आणि तो ल एकाच पाटीवर शेजारी बसलेले असतात, त्यामुळे डोळा जास्तच चिडतो. पण मंगल पडद्यासाठी होता, तोही त्या काळच्या भरड पडद्यासाठी. तिथे त्यानं काम केलं. रोज सकाळी संगणक उघडून त्याच अक्षरांत टंकन करणाऱ्या एका कारकून बाईंना मी जोशींचं नाव सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असं कोणी बसून काढत असेल, हे डोक्यातच नव्हतं आलं." माझं दुखणं नेमकं तेच आहे.

बसूनच काढावं लागतं. पहिली वेलांटी बघा. 'कि' लिहिताना तिची कमान क च्या दंडावर टेकली पाहिजे. 'क्ति' लिहिताना अक्षर रुंद झालं, तर तीच कमान अर्ध्यात लोंबकळते. म्हणून चांगल्या टाईपात वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या रेखलेल्या असतात आणि कुठे कोणती बसवायची हे आत लिहून ठेवलेलं असतं. 'दऱ्या' मधला आडवा अर्धा र मराठीला लागतो. तो नसला किंवा नीट जुळला नाही, तर दरीच्या दऱ्या आणि समुद्राचा दर्या एक होऊन बसतात. देवनागरीत अशी जोडाक्षरं, अर्धी अक्षरं धरून शेकडो आकार होतात. टिरोवाल्यांनी मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळे टाईप केले, त्यातल्या मराठीत आपले ल आणि श आहेत. फिओना रॉस यांनी त्याच्या कितीतरी आधी लायनोटाईप या छपाईयंत्रं आणि टाईप बनवणाऱ्या कंपनीत भारतीय लिप्यांचं काम सांभाळलं होतं. अक्षर दुसऱ्याच्या भाषेचं असूनही इतकी वर्षं त्याच्यामागे लागणं मला मोठं वाटतं.

आणि नावं विसरण्याची आपल्याला जुनी सवय आहे. मुंबईचा निर्णयसागर छापखाना म्हटलं की तो काढणारे जावजी दादाजी आठवतात. ते स्वतः लहानपणी अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टाईप घासायच्या कामाला होते. पण निर्णयसागरच्या अक्षरांचे साचे ज्यांच्या हातचे, ते राणोजी रावजी आरू किती जणांना माहीत आहेत? कमल शेडगे यांचं नाव नाटकवेड्या मराठी माणसाला ठाऊक असतं, कारण त्यांनी शीर्षकं रेखली आणि ती जाहिरातीत मोठी दिसली. आतला बारीक मजकूर ज्याच्या अक्षरांत वाचला, त्याला कोणी विचारत नाही.

मीच पूर्वी उलटं सांगायचे. धंतोलीतल्या एका क्लासमध्ये डीटीपी शिकवत होते तेव्हा पोरांना सांगायचे, टाईप दिसला तर तो फसला. वाचणाऱ्याला फक्त मजकूर दिसला पाहिजे. मग ज्यानं दिसायचंच नाही, त्याचं नाव का छापायचं? त्या वेळच्या माझ्याजवळ या प्रश्नाला चोख उत्तर होतं: छापू नये. आजही ते मला पूर्ण खोडता येत नाही. एवढंच म्हणते, की अक्षर दिसू नये म्हणून रेखणारा माणूसही दिसू नये, हे त्यातून निघत नाही. यावर ती जुनी मी म्हणेल, मग कागद बनवणाऱ्याचं नाव? हे मला तिच्याआधी दुसऱ्यानं विचारलं, आणि खरं म्हणजे मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांचा कवितासंग्रह मी लावला. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे तो यायला हवा होता. चळवळीतले कवी, कविता कडक. मी टिरो मराठी निवडला, ओळी कुठे मोडायच्या यावर आम्ही दोघं तासन् तास बसलो. काम मनासारखं झालं. शेवटच्या प्रूफावर त्यांनी ती ओळ पाहिली आणि लाल पेनानं सरळ काट मारली.

"ताई, हे कोण होय? यायनं माह्या कविता वाचल्या काय?"

मी वेलांटीपासून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, "चला, बाइंडिंगवाल्याकडे जाऊ. पहिले फर्मे आले असतील."

महाल भागातला तो बाइंडर माझ्या ओळखीचा. पुढे कटिंग मशीन, मागच्या खोलीत बायका जमिनीवर बसून फर्म्यांना, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांना, घड्या घालत होत्या. लाकडी पट्टी घडीवरून फिरवायची, कागद सरकवायचा, पुढचा घ्यायचा. सरांचंच पुस्तक होतं. त्यांनी एक फर्मा उचलला, घडी बघितली, पान पानावर बरोबर आलं होतं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "यायची नावं टाकता काय तुम्ही?"

मी म्हटलं, "सर, पुस्तकाचं रूप यांच्यामुळे ठरत नाही ना."

एका बाईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घडी घालायला लागली. सर काही बोलले नाहीत. मी घाईघाईनं पुढे बोलत गेले: इथे दुसऱ्या कोणी घडी घातली असती तरी पुस्तक हेच राहिलं असतं, टाईप दुसरा असता तर पान बदललं असतं. हे वाक्य मी आजही मागे घेत नाही. तर्क म्हणून ते बरोबर आहे. पण ज्या खोलीत मी ते म्हटलं, तिथे ते बोलायला नको होतं असं वाटतं, आणि लगेच वाटतं, जे त्या खोलीत बोलता येत नाही ते पुस्तकाच्या पानावर तरी का छापते आहे मी? सर एवढंच म्हणाले, "आमचे लोक आजवर याच कामाले होते, ताई. कोणी बी केलं तरी चालते त्या कामाले."

पुस्तक त्या ओळीशिवाय निघालं. स्टॉलवर चांगलं खपलं. मी ते अजून कोणाला नमुना म्हणून दाखवत नाही, माझं सगळ्यांत चांगलं काम असूनही.

नंतर एकदा मी त्याच बाइंडरकडे गेले असताना त्या बाईंना विचारलं, पुस्तकात नाव टाकलं तर चालेल का. त्यांनी विचारलं, "मजुरी वाढते काय त्यानं?" मी नाही म्हटलं. शेजारची म्हणाली, "टाका ना, पोरगी वाचन माही." त्यांच्यातही एकमत नव्हतं.

ही दुसरी बाई माझ्या डोक्यातून गेली नाही, म्हणून या वर्षी सरांचा दुसरा संग्रह माझ्याकडे आला तेव्हा मीच त्यांना म्हटलं, दोन्ही टाकू. टाईपवाल्यांची ओळ आणि तिच्या वर बांधणीतल्या बायकांची नावं. सर लगेच तयार झाले. अडला बाइंडर.

"मॅडम, नाव छापलं म्हणजे लेखी झालं ना, की ह्या माह्याकडे कामाले आहे. उद्या कोणी पुस्तक घेऊन आलं तर?"

तो वाईट माणूस नाही. पण त्याला जे कळलं ते मला इतकी वर्षं श्रेयपानं लावून कळलं नव्हतं. 1867 च्या कायद्यानं पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण सक्तीचं केलं, ते मुद्रकाच्या कौतुकासाठी नव्हतं. उद्या काही झालं तर सरकारला धरायला माणूस हवा होता. छापलेलं नाव म्हणजे मान, एवढंच मी धरून चालले होते. बाइंडरला त्यात जबाबदारी दिसली, हजेरी आणि मजुरी दिसली. ज्यांना नावामुळे खरोखर काही मिळू शकतं, त्यांच्याच नावाला हरकत निघाली; जोशींचं किंवा रॉस यांचं नाव छापलं तर कोणाचंच काही जात नाही. म्हणूनच मला ते इतकं सोपं गेलं का? असेल. तरी ते नाव गाळावं, असं मला अजूनही वाटत नाही.

सर म्हणतात, दोन्ही नाही तर एकही नाही. मी म्हणते, एक तरी राहू द्या. ते म्हणतात, कोणतं एक, ते तुम्ही आधीच ठरवून बसल्या. दुसरा बाइंडर बघायला मी तयार आहे, पण मग पहिल्याकडच्या त्या बायकांचं एवढं काम जातं, आणि ते सरांना चालत नाही. पुस्तक ऑक्टोबरच्या आत हवं आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं पुन्हा बसणार आहोत, आणि या वेळी त्या दोघींनाही बोलवा, असं मी बाइंडरला सांगितलं आहे.