गोधडीच्या शिवणीवरची इस्त्री: वाफ आपल्या ताब्यात हवी

कापडाच्या दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. लांबी पाच-सहा इंच पुरे. पाव इंच माया (शिवणीबाहेर राहणारी कापडाची कड) धरून त्या लांबीच्या कडेने एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि स्केल लावून मोजा. एकूण रुंदी साडेतीन इंच भरायला हवी, मधली पट्टी बरोबर एक इंच. कमी भरली तर शिवण उसवायला घेऊ नका. आधी टाक्यालगतचं कापड नखाने हळूच ओढून बघा. पुष्कळदा तिथे केसाएवढी चुणी दडलेली असते. टाके जागेवरच असतात, इस्त्रीने कापड टाक्यापर्यंत पूर्ण उघडलेलं नसतं. एका शिवणीत असा एक मिलिमीटर गेला, तर आठ पट्ट्यांच्या ब्लॉकमध्ये (तुकडे जोडून केलेल्या गोधडीच्या एका चौकोनात) सात मिलिमीटर जातात, म्हणजे पाव इंचाहूनही जास्त. मग शेजारचा ब्लॉक जुळत नाही आणि खापर मशीनवर फुटतं.

पॅचवर्कमध्ये, म्हणजे तुकडे जोडून करायच्या कामात, इस्त्री हे मापाचं साधन आहे, आणि ती वापरण्याची पद्धत शर्टाच्या इस्त्रीपेक्षा वेगळी आहे. शर्टावर इस्त्री फिरवतात. जोडलेल्या तुकड्यांवर ती ठेवायची, दाबायची, उचलायची आणि पुढे ठेवायची. फिरवली की कापड टोकापुढे ढकललं जातं आणि चौकोनाचा हळूहळू पतंग होतो.

क्रमही ठरलेला आहे. शिवण मशीनखालून आली तशीच, न उलगडता, दोन-तीन सेकंद दाबा. त्याने धागा कापडात बसतो. मग गडद रंगाचं कापड वर येईल असा तुकडा बोर्डावर ठेवा, वरचं कापड उलगडा आणि सुलट बाजूने इस्त्रीची कड शिवणीवर आणून दाबा. माया आपोआप गडद कापडाखाली जाते, फिक्या कापडातून तिची सावली दिसत नाही. एका ओळीतली माया उजवीकडे वळवली, तर पुढच्या ओळीतली डावीकडे वळवा. म्हणजे ओळी जोडताना दोन्ही उंचवटे एकमेकांना भिडतात आणि चौक जुळतो. जिथे सहा-आठ शिवणी एका बिंदूत येतात तिथे मात्र माया दोन्हीकडे उघडून दाबलेली बरी, नाहीतर मधोमध गाठ राहते.

आता वाफेचं. सुती धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्यांना हायड्रोजनचे बंध धरून ठेवतात. पाणी आणि उष्णता मिळाली की ते सैल होतात, आणि पाणी उडून गेलं की कापड ज्या स्थितीत असेल तिथेच पुन्हा जुळतात. म्हणजे शिवण वाफेत नव्हे, सुकताना बसते. ब्लॉक गरम आणि दमट असताना उचलला तर तो हातात वाकडा होतो आणि वाकडाच सुकतो. तो बोर्डावर सपाट गार होऊ द्या. शिवण अगदी चपटी हवी असेल तर वाफ दिल्याबरोबर वर साध्या, पॉलिश नसलेल्या गुळगुळीत लाकडाचा ठोकळा दहा-पंधरा सेकंद ठेवा. लाकूड ओल शोषतं आणि वजनाने घडी बसते. एवढ्या साध्या वस्तूने पडणारा फरक बोटांना जाणवण्याइतका असतो.

हाच सैलपणा उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या कापलेल्या, कडेवर नुकसान करतो. त्रिकोणाची तिरपी कड वाफेवर रबरासारखी ताणली जाते आणि परत येत नाही. चौकोन तिरपा कापून केलेले अर्धत्रिकोणी ब्लॉक कोरड्या इस्त्रीनेच दाबा, आणि इस्त्री उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ठेवा. सगळ्या उरेब कडा शिवणीत बंद झाल्या की मग वाफ द्या.

म्हणून इस्त्री निवडताना मी पहिला प्रश्न एवढाच विचारीन: हिची वाफ पूर्ण बंद होते का? वाफ किती निघते, हा प्रश्न नंतरचा. काही इस्त्र्यांमध्ये तापमान वाढवलं की वाफ आपोआप सुरू होते आणि वेगळं बटण नसतं. गोधडीच्या कामाला त्या नकोत. वाफेचा वेगळा खटका हवा, आणि तो शून्यावर असताना सुती कापडाच्या पूर्ण तापमानालाही थेंब पडता कामा नये.

दुसरं म्हणजे टोक. ते अणकुचीदार आणि पातळ हवं, कारण उलगडलेल्या मायेच्या मधोमध तेच जातं. तळ स्टीलचा असो की सिरॅमिकचा, सपाट आणि ओरखड्याविना असावा. नॉनस्टिक तळाला गोंद कमी चिकटतो, पण टाचणीने किंवा चेनने त्यावर चरा पडला की तिथे धागे अडकू लागतात. भोकं जितकी जास्त तितकी वाफ सारखी पसरते खरी, पण भोकाखालच्या कापडाला तळाचा दाब मिळत नाही. फ्यूजिबल (उष्णतेने कापडाला चिकटणारं अस्तर) लावताना हे आठवा. इस्त्री एकदा ठेवून उचलली की भोकाखालचे ठिपके न चिकटता राहतात. जागा थोडी बदलून पुन्हा दाबावं लागतं.

वजनाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. जड इस्त्री स्वतःच्या वजनाने दाबते, पण दर काही सेकंदांनी उचलायची असल्याने मनगट लवकर भरून येतं. उचल-ठेव जास्त असेल तर मध्यम वजन बरं. आपोआप बंद होण्याची सोय सुरक्षिततेसाठी चांगलीच. मात्र उभी ठेवलेली इस्त्री किती मिनिटांनी बंद होते ते आधी पाहा. शिवायला बसून परत आलो की ती गार, असं दिवसभर चालतं, आणि पुरती न तापलेली इस्त्री गळते.

गळण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. तळ पुरेसा तापलेला नसेल तर आत आलेल्या पाण्याची वाफ होत नाही, ते पाणी म्हणूनच भोकांतून पडतं. कपड्यांच्या लेबलवर एक ठिपका म्हणजे कमाल साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. वाफ साधारण दोन ठिपक्यांपासून पुढेच सुरू करायची. इस्त्रीवरचा तापमानाचा दिवा विझेपर्यंत थांबा. जोराच्या वाफेचं बटण लागोपाठ दाबू नका, दोन दाबांमध्ये तळ पुन्हा तापायला काही सेकंद द्या. टाकी खुणेच्या वर भरू नका. एवढं करूनही गळत असेल, तर आतली झडप क्षाराने नीट बसत नसण्याची शक्यता मोठी.

क्षार येतो पाण्यातून. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम तापल्यावर कार्बोनेट होऊन आत पापुद्रे धरतं आणि ते पांढरे कण गडद कापडावर पडतात. पाणी जड असेल तर साधं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं मिसळा. हेच प्रमाण बऱ्याच माहितीपुस्तिकांत दिलेलं असतं. नुसतं डिस्टिल्ड चालेल का, हे मॉडेलवर अवलंबून आहे, पुस्तिकेत पाहा. सुगंधी पाणी, खळ, बॅटरीचं पाणी, एसीतून गळणारं पाणी टाकीत घालू नका. व्हिनेगरचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण आतल्या रबरी वायसरला आणि लेपाला तो मानवत नाही. कंपनीने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर टाळा.

स्वतः साफ होण्याची सोय असेल तर ती महिन्यातून एकदा वापरा, रोज काम असेल तर दोनदा. टाकी खुणेपर्यंत भरा, तापमान कमाल ठेवा, दिवा विझला की प्लग काढा. इस्त्री सिंकवर आडवी धरून सफाईचं बटण दाबा आणि ती हळू पुढेमागे हलवा. उकळतं पाणी आणि वाफ जोरात येते, हात लांब ठेवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा. मग इस्त्री तापवून जुन्या सुती कापडावर फिरवा, उरलेले कण तिथेच निघू देत.

तळावरचे तपकिरी डाग बहुधा जळलेल्या खळीचे असतात. स्टार्च फवारून लगेच इस्त्री ठेवली की तो कापडात मुरण्याऐवजी तळाला लागतो आणि करपतो. फवारल्यावर अर्धा मिनिट थांबा. डाग पडलाच तर इस्त्री कोमट असताना ओल्या सुती कापडाने पुसा. हट्टी असेल तर गार तळावर खाण्याच्या सोड्याची पेस्ट मऊ फडक्याने लावा, भोकांत जाऊ देऊ नका, गेलीच तर कापसाच्या काडीने काढा. नॉनस्टिकवर पेस्टही नको, तारेची घासणी तर नकोच. चिकटलेलं फ्यूजिबल किंवा वितळलेलं कृत्रिम कापड इस्त्री मंद तापवून मऊ करा आणि लाकडी पट्टीने सरकवा.

बोर्ड घट्ट असावा. मऊ गादीवर शिवण आत रुतते आणि वरून उंचवटा दिसतो. लोकरीची चटई उष्णता धरून ठेवते, त्यामुळे खालूनही दाब बसल्यासारखा परिणाम मिळतो. पण वाफेचं पाणी तिच्यातून झिरपून टेबलाचं पॉलिश उडवतं. चटई काम संपल्यावर उचलून दोन्ही बाजूंनी वाळवा.

पाण्याने निघणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणा धुण्याआधी इस्त्रीखाली नेऊ नका, उष्णतेने त्या पक्क्या होऊ शकतात. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या शाईचं उलट आहे, ती इस्त्रीने जाते आणि कडक थंडीत परत उमटू शकते. काचेच्या डोक्याच्या टाचण्या इस्त्रीखाली टिकतात, प्लास्टिकच्या वितळतात. गडद लाल कापड पांढऱ्याशेजारी असेल तर वाफ देण्याआधी लालचा एक तुकडा पांढऱ्या चिंधीवर ठेवून वाफेने दाबून पाहा. पॉलिएस्टरची बॅटिंग (मधला फुगीर थर) आत घालून गोधडी टाचली असेल तर मग इस्त्री टाळा, आतला फुगीरपणा बसतो तो बसतोच.

काम संपलं की टाकी इस्त्री गरम असतानाच रिकामी करा, म्हणजे उरलेलं पाणी आतल्या उष्णतेने सुकतं. मग पूर्ण गार होईपर्यंत उभी ठेवा आणि उभीच ठेवून द्या. आत राहिलेलं पाणी पुढच्या वेळी तपकिरी थेंब होऊन येतं, म्हणून सुरुवातीची अर्धा मिनिट वाफ नेहमी जुन्या फडक्यावर सोडा.