एकदा बरोबर आलं की झालं?

"सर, प्रोग्राम तोच, आकडे तेच, मग उत्तर दरवेळी वेगळं का येतंय?" आज लॅबमध्ये खानापूरकडची एक विद्यार्थिनी विचारत होती, आवाजात चक्क राग.

साधी बेरीज, एक ते दहा लाख, ओपनएमपीची (काम वाटून एकाच वेळी करून घेणारी सोय) एक ओळ घालून आठ थ्रेडवर, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या आठ धाग्यांवर, वाटलेली. सगळे थ्रेड एकाच व्हेरिएबलमध्ये लिहितायत, म्हणजे एकानं जुनी किंमत वाचली, तोवर दुसऱ्यानं नवी लिहिली, मग पहिल्यानं आपली जुनीवर मिळवून वरून ठेवली, दुसऱ्याचं काम गेलं की वाहून. यालाच म्हणतात रेस कंडिशन. रिडक्शन क्लॉज घातला, प्रत्येक थ्रेडची बेरीज वेगळी, शेवटी एकत्र, उत्तर बरोबर.

पण डोक्यात राहिलं ते शेजारच्या पोराचं वाक्य. "अगं, एकदा बरोबर आलेला स्क्रीनशॉट लॅबच्या जर्नलला लाव की!"

त्याला तरी काय बोलू? ॲमडालचा १९६७चा नियम ही पोरं घडाघडा सांगतात, दहा टक्के काम एकामागून एकच होणारं असेल तर प्रोसेसरचे कितीही कोअर लावा, वेग दहापटीच्या वर जाणार नाही. गणितही सोडवतात. पण आलेल्या उत्तरावर संशय घ्यायला मार्क कुठं आहेत? आणि उद्या हेच कुणीतरी पुलाच्या नाहीतर पुराच्या सिम्युलेशनचा कोड लिहिणार बघा.

ती मात्र रिडक्शन काढून, परत घालून, पुन्हापुन्हा रन करत बसली होती, बेल झाली तरी. फार बरं वाटलं.

इंजिनिअरिंगला शिकवणाऱ्यांनो, तुमच्याकडं हे पहिल्या-दुसऱ्या वर्षातच दाखवता का?