सौंसरच्या शिवारातील दगडी लाकूड वाचताना

जीवाश्म झालेले लाकूड पाहायला निघणाऱ्याने आधी नागपूरच्या लकडगंजात, म्हणजे लाकडाच्या बाजारात जावे, असा सल्ला आमच्या शेजारच्या सरांनी दिला, तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. डिसेंबरच्या एका शनिवारी आम्ही तिघे मध्य प्रदेशातल्या सौंसरला जाणार होतो आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी ते मला आरामशिनीवर घेऊन गेले. तिथे नुकत्याच कापलेल्या सागाच्या ओंडक्याचे तोंड त्यांनी पाण्याने ओले केले आणि दहापट भिंग माझ्या हाती दिले. उघड्या डोळ्यांना ज्या नुसत्या रेघा दिसत होत्या, त्या भिंगातून पाहिल्यावर भोकांच्या रांगा निघाल्या. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या तोंडाच्या वाहिन्यांची, म्हणजे खोडातून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची, एक ओळ होती आणि पुढे वाहिन्या बारीक व विरळ होत गेल्या होत्या. सागाची उन्हाळ्यातली पानगळ आणि पावसाळ्यातली वाढ त्या ओळींत नोंदलेली होती. शेजारी पडलेल्या आंब्याच्या फळीत मात्र वाहिन्या सगळीकडे सारख्या विखुरलेल्या होत्या आणि वलय कुठे संपते हे ठरवणे अवघड होते. टालीच्या मागे कुंपणाशी शिंदीच्या खोडाचा एक तुकडाही सापडला. त्यात वलये नव्हतीच. फिकट गाभ्यात गडद ठिपके पसरलेले होते आणि सालीकडे ते दाट झाले होते.

दुसऱ्या दिवशी दगडात जे काही ओळखता आले, ते या तीन तुकड्यांच्या आधारावर. म्हणून माझा पहिला सल्ला हाच आहे, की जिवंत लाकडाची तोंडे पाहण्यात एक संध्याकाळ घालवल्याशिवाय निघू नये.

नागपूरकरांना या विषयासाठी खरे तर फार दूर जावे लागत नाही. आपले शहर दख्खनच्या लाव्हाच्या पूर्व कडेवर वसलेले आहे. सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेकडील भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर आहे, तर पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नीस खडक लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर येत होते, पण दोन उद्रेकांच्या मध्ये कधीकधी इतका अवकाश मिळत असे, की वरच्या खडकाची माती व्हावी, खोलगट जागी पाणी साचावे आणि त्याच्या काठी वन उभे राहावे. मग पुढचा लाव्हा येऊन ते सगळे झाकून टाकी. अशा मधल्या थरांना आंतरट्रापी थर म्हणतात. बेसाल्ट झिजताना त्यातून सुटलेली सिलिका पाण्याबरोबर लाकडाच्या पेशींत शिरली आणि पेशींच्या भिंती कुजण्याआधीच तिथे घट्ट बसली. म्हणून या लाकडांत केवळ खोडाचा बाह्य आकार न उरता आतली सगळी रचना उरली आहे.

स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी नागपूरजवळच्या टाकळी येथे असे जीवाश्म गोळा केले आणि १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर लेख प्रसिद्ध केला. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय रोज डोळ्यांसमोर असते, त्यांनी या शहराच्या पायाखालचे वन पहिल्यांदा जगासमोर मांडले होते, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतच सांगितली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते. टाकळी आता शहरात विरून गेली आहे. तिथे जाऊन थर दिसेल अशी आशा बाळगू नये.

सौंसर नागपूरहून सावनेरमार्गे साधारण सत्तर किलोमीटरवर आहे. रस्ता चांगला आहे. छिंदवाड्याचा जुना नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर इतवारीहून रेल्वेचीही सोय झाली आहे, परंतु शिवारात फिरायचे तर स्वतःचे वाहन हवे. आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. सावनेर ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू होतात, राज्याची सीमा येते आणि जाते, भाषा मात्र तीच राहते. सौंसरच्या आसपासच्या गारगोटीसारख्या दगडांतून, म्हणजे चर्टमधून, वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी वर्णन केलेल्या वनस्पती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत अझोला होती आणि कारा नावाचे पाणशेवाळही होते. आज गुरांच्या खाद्यासाठी टाक्यात अझोला वाढवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, की ती संथ, गोड्या पाण्यावर तरंगते. दगडात अझोला सापडली की तिथे तळे किंवा डबके होते, हे वाक्य पुष्कळशा खात्रीने लिहिता येते.

ज्यांच्या शेतात आम्ही गेलो, त्या काकांना सरांनी आठवडाभर आधी फोन करून विचारले होते. कपाशीच्या कडेने बांध घालताना नांगराला लागलेले सगळे दगड तिथे रचलेले होते. काका म्हणाले, "हे लाकूडगोटे हायेत जी, माह्या आज्याच्या काळापासून इथंच पडून हायेत." बांधावर बहुतेक काळा बेसाल्टच होता, पण मधूनमधून राखाडी, तपकिरी आणि पिवळट चर्टचे तुकडे होते. पहिला अर्धा तास आम्ही चुकीच्याच दगडांवर घालवला. अगेटच्या, म्हणजे अकीकाच्या पट्ट्या लाकडाच्या वलयांसारख्या दिसतात आणि नवख्याला हमखास चकवतात. फरक असा, की अगेटच्या पट्ट्या पोकळीच्या भिंतीला धरून वळतात आणि भिंगाखाली त्यांत पेशी दिसत नाहीत. तसेच बेसाल्टचे खांबासारखे तुकडे म्हणजे खोडे नव्हेत.

मग तो दगड मिळाला. बांधाच्या खालच्या ओळीत, अर्धा मातीत, रुंदीला बावीस सेंटिमीटर. त्याचे तुटलेले तोंड सरांनी बाटलीतल्या पाण्याने भिजवले आणि फिकट पिवळ्या पृष्ठभागावर गडद ठिपके उमटून आले, मध्ये विरळ आणि कडेला दाट, आदल्या संध्याकाळी शिंदीच्या तुकड्यात पाहिले होते अगदी तसे. प्रत्येक ठिपका म्हणजे वाहिन्यांची एक जुडी होती आणि भिंगातून तिच्या एका बाजूची तंतूंची टोपीही कळत होती. एका कडेला पेन्सिलीच्या जाडीची वर्तुळे एकमेकांना चिकटून बसलेली होती. ती ताडकुळातल्या झाडाच्या बुंध्याभोवती असणारी मुळे होती. काही वर्तुळांत मध्यभागी छोटी चांदणी आणि तिच्याभोवती पोकळ्यांचे कडे दिसत होते. मुळातल्या अशा हवेच्या पोकळ्या पाणथळ जमिनीत उगवणाऱ्या झाडांना उपयोगी पडतात.

याच ठिकाणी सरांनी मला थांबवले. मी उत्साहाने म्हणालो होतो, की म्हणजे इथे ताडवन होते. त्यांनी विचारले, हा दगड बांधावर कोणी आणला? तो कोणत्या वावरातून आला, हे काकांनाही सांगता येत नव्हते. उभे खोड मुळांसह थरात रुतलेले असेल, तर झाड जागच्या जागी वाढले असे म्हणता येते. आडवा ओंडका पाण्याबरोबर कुठूनही वाहत आलेला असू शकतो. बांधावरचा दगड तर माणसाच्या हातांनीच हललेला असतो. त्यामुळे आमच्या तुकड्याने फार तर एवढेच सांगितले, की जवळपासच्या थरात ताडकुळातली झाडे होती आणि त्यांपैकी निदान एक ओल्या जागी उभे होते. वन होते की तळ्याकाठी चार झाडे होती, हे ठरवायला अनेक तुकडे आणि त्यांच्या जागांचा नकाशा लागतो.

इथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. बारा वर्षांपूर्वी एका सहलीत मी अश्मीभूत लाकडाचा एक सुंदर तुकडा उचलून आणला होता आणि तो इतकी वर्षे दिवाणखान्यात ठेवला. सरांनी तो पाहिला आणि कुठून आणला, असे विचारले, तेव्हा मला जिल्ह्यापलीकडे काही सांगता येईना. त्या लाकडाच्या पेशी शाबूत आहेत, पण त्याचा थर, त्याच्या शेजारचे शंख, त्याची दिशा हे सगळे मी उचलताना पुसून टाकले. म्हणून बांधावरचा हा दगड आम्ही हलवला नाही. मोजपट्टी शेजारी ठेवून ओल्या आणि कोरड्या पृष्ठभागाची छायाचित्रे घेतली, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपले आणि तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहिले. पुढे जाणाऱ्यांनी वहीत निदान एवढे तरी लिहावे. वनजमिनीवरून किंवा जीवाश्म उद्यानातून काहीही उचलू नये आणि खाजगी शेतातही मालकाला विचारल्याशिवाय हातोडी चालवू नये.

दुपारी दुसऱ्या बांधावर चर्टमध्ये नखाएवढे शंख दिसले. हा फायसा गटातला गोड्या पाण्यातला गोगलगायीचा शंख असून टोक वर धरून पाहिला, तर त्याचे तोंड डावीकडे येते. बहुतेक गोगलगायींचे उजवीकडे असते. हिस्लॉप यांच्या संग्रहातही हे शंख होते. त्याच दगडात बोटाएवढा लाकडाचा तुकडा होता, द्विदल झाडाचा. त्यात वाहिन्या विखुरलेल्या होत्या आणि वलयाची रेघ आम्हा तिघांनाही दिसली नाही.

वलय नाही म्हणजे उन्हाळा नव्हता, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण आजही उष्ण कटिबंधातल्या अनेक झाडांत स्पष्ट वलये पडत नाहीत. पण अशी पुष्कळ लाकडे एकत्र पाहिली आणि त्यांच्यातील बहुतेकांत वलये नसली, तर कडक थंडी किंवा दीर्घ कोरडा काळ नसावा, या बाजूला पारडे झुकते. याउलट कामठी-सिलेवाड्याकडील गोंडवन खडक सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्या सुमारास आपला भूभाग दक्षिण गोलार्धात बराच खाली होता आणि ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडाच्या त्या काळातील लाकडांत ठसठशीत वलये आढळतात. नागपूरच्या आसपास असे दोन वेगळे हवामान-लेख आहेत, हे आपल्या परिसराचे मोठे भाग्य आहे.

पाण्याचा अंदाज वाहिन्यांवरून बांधतात. रुंद आणि थोड्या वाहिन्या पाणी भरपूर पोहोचवतात, परंतु दुष्काळात हवेचा बुडबुडा अडकला की मोठे नुकसान होते. बारीक आणि पुष्कळ वाहिन्यांच्या झाडाला तो धोका कमी असतो. शेर्विन कार्लक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात वाहिनीच्या सरासरी व्यासाला एका चौरस मिलिमीटरमधील वाहिन्यांच्या संख्येने भागून एक निर्देशांक सुचवला. आकडा मोठा आला, तर झाडाला पाण्याची चणचण नसावी. या पद्धतीचा मोठा गुण असा, की झाडाचे नाव ठरवण्यात चूक झाली तरी वाहिन्यांची मापे बदलत नाहीत. मात्र मुळाच्या लाकडाची मापे खोडाहून वेगळी येतात, म्हणून तुकडा मुळाचा आहे की खोडाचा हे आधी ठरवावे लागते.

हे काम भिंगाने होत नाही. दगड तीन दिशांनी कापून, म्हणजे आडवा, मज्जाकिरणांना (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांना) समांतर उभा आणि त्यांना काटकोनात उभा, कार्बोरंडमच्या पुडीने काचेवर घासत घासत साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीचा करावा लागतो, तेव्हा त्यातून प्रकाश आरपार जातो. सरांनी तरुणपणी असे काप केले होते. शेवटच्या पाच मिनिटांत जास्त घासले गेले तर दोन दिवसांचे काम धुऊन जाते, असे ते सांगत होते आणि सांगताना त्यांची बोटे अजूनही काचेवर गोल फिरत असल्यासारखी हलत होती.

वेळ असेल, तर पुढे छिंदवाड्याजवळचे मोहगावकलां पाहण्याजोगे आहे. तिथल्या चर्टमध्ये निपा या ताडाची फळे मिळाली आहेत. निपा आज सुंदरबनसारख्या खाडीकाठच्या खारट-गोड पाण्यात वाढते, त्यामुळे मध्य भारताच्या पोटापर्यंत समुद्राचा एखादा फाटा आला होता का, ही चर्चा दीर्घकाळ चालू आहे. तिथेच एनिग्मोकार्पॉन हे फळ मिळाले. त्याच्या नावातच कोडे आहे, कारण 'एनिग्मा' म्हणजे कोडे. साहनिअँथस हे फूल सुरुवातीला स्वतंत्र मानले गेले आणि पुढे ते याच वनस्पतीचे असल्याचे मानले जाऊ लागले. तिचे नाते मेंदीच्या कुळाशी जोडले जाते. लाकूड, फूल आणि फळ निरनिराळ्या दगडांत सुटे सुटे मिळतात आणि प्रत्येकाला वेगळे नाव पडते. म्हणून जीवाश्मांच्या नावांची यादी लांब असली, तरी तितक्या जातींची झाडे तिथे होती असे धरून चालू नये.

जाण्यासाठी नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. पावसाने धुतलेल्या वावरात दगड उघडे पडलेले असतात, पण काळ्या मातीत पावसाळ्यात पाऊल टाकणे अशक्य होते आणि एप्रिलनंतरच्या उन्हात बांधावर अर्धा तासही बसवत नाही. सोबत दहापट भिंग, जुना दात घासायचा ब्रश, दोन लिटर पाणी फक्त दगड भिजवण्यासाठी, मोजपट्टी, पेन्सिल आणि वही न्यावी. पिण्याचे पाणी वेगळे. उंच बूट घालावेत, कारण दगडांच्या रचलेल्या बांधांत साप असतात आणि हात घालण्याआधी काठीने आवाज करावा. सेमिनरी हिल्सवरील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात आधी चौकशी केली, तर परिसरातील खडकांची ओळख करून घ्यायला मदत होईल. दिवसाला दोन बांध पुरेसे आहेत. आम्ही तिसऱ्यावर गेलो तेव्हा साडेचार वाजले होते, ऊन तिरपे झाले होते आणि नोंदी घाईत झाल्या.

निघताना काकांनी विचारले, की त्या लाकूडगोट्याचे काय करायचे. सरांनी त्यांना सांगितले, की बांध पुन्हा रचला तर तो दगड कुठे ठेवला तेवढे कळवा. काकांनी त्या दगडावर चुन्याची एक फुली मारली.