तुम्ही विचारलंत म्हणून: दोन बॅगा

पुण्याहून न्यू जर्सीला पाहुणे आले की दोन-तीन दिवसांत चहाच्या वेळी हा प्रश्न येतोच: "इथली काळी मुलं अभ्यासात मागे का गं? तुम्ही तर नुसत्या दोन बॅगा घेऊन आलात, तरी पोरं पुढे गेलीच की." पूर्वी मी विषय बदलायचे. आता नाही.

आधी बॅगांचं. माझ्या बॅगांत कुकर होता, लोणचं होतं आणि इंजिनिअरिंगची डिग्री होती. आजोबा हेडमास्तर. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेने शिकलेल्यांसाठी दार उघडलं, त्या चाळणीतून आम्ही आलो.

आता घराचं. इथे शाळेचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो, म्हणजे महाग घरांच्या गावात शाळा श्रीमंत. १९३० च्या दशकातल्या सरकारी नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या होत्या: कर्ज द्यायला धोक्याच्या. सरकारी हमीच्या कर्जावर गोऱ्यांनी उपनगरांत घरं घेतली, त्यांच्या किमती वाढल्या, आणि नातवंडांच्या कॉलेजला तीच कामी आली. फेडरल रिझर्व्ह या इथल्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत अगदी मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची जेमतेम ४५ हजार. पगारातली दरी एवढी मोठी नाही.

"मग सरकारने शाळांना पैसे द्यावेत!" दिले की. १९९० मध्ये आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब शहरांतल्या शाळांचा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणायला लावला. फायदाही झाला. पण शाळेला मिळालेल्या पैशातून घरभाडं भागत नाही. मी शनिवारी न्यूअर्कच्या एका वाचनालयात गणित शिकवायचे. तिथली सगळ्यात तल्लख पोरगी एका वर्षात तीन शाळा फिरली, कारण आईला तीनदा घर सोडावं लागलं. अपूर्णांक निम्मे इकडे, निम्मे तिकडे.

बरं, पैसा आला म्हणजे सुटलं, असंही नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात, सारख्याच श्रीमंत घरांत वाढलेल्या मुलग्यांतही कृष्णवर्णीय मोठेपणी गोऱ्यांपेक्षा कमी कमावताना दिसले. हे ऐकलं की पाहुणे बिस्किटाकडे वळतात.

मीही फार ताठ मानेने सांगत नाही. हे घर घेताना आम्ही स्वयंपाकघराआधी शाळेची हद्द पाहिली होती. रस्त्यापलीकडे असंच घर स्वस्तात मिळत होतं. तिथली मुलं दुसऱ्या शाळेत जातात.